लुवेनियाबाईंनी पास केलेली भिंत

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मिस लुवेनिया म्हणतात. मी सत्तावीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो आणि पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात त्यांना लुवेनियाबाईच म्हणत आलोय. तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही. बाईंना आपल्या नावाला कुणी शेपूट जोडलेलं चाललं नसतं.

लुवेनिया गॅस्किन्स. आमच्या या बाल्टिमोर शहरातल्या एका रेनकोटच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस. शिवून, बटणं लावून, इस्त्री होऊन कोट शेवटी बाईंच्या टेबलावर यायचा. बाई तो उलटा करायच्या, शिवण दोन अंगठ्यांत धरून ताणायच्या, काखेत हात घालून बघायच्या. दोष सापडला की शिंप्याच्या खडूने खूण. फुली म्हणजे परत पाठवा. गोल म्हणजे दुरुस्त होईल. आणि नुसती रेघ म्हणजे, चालेल, पण मला दिसलंय बरं का! शिवणाऱ्या बायकांना नगावर पैसे मिळायचे, त्यामुळे फुली पडली की त्या बाईंना मागच्या मागे काय काय म्हणायच्या. समोर मात्र कुणाची टाप नव्हती.

त्याच कारखान्यात थर्मन गॅस्किन्स ट्रक भरायचा. त्याने लग्नाचं विचारून अंगठी पुढे केली, तेव्हा बाईंनी ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, बोटाने फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "खडा वाकडा बसलाय."

"मग? परत?" थर्मनने विचारलं.

"असू दे. पास."

ही गोष्ट थर्मन दर उन्हाळ्यात गल्लीच्या जेवणाला, वाफवलेले खेकडे फोडता फोडता सांगायचा. दर वर्षी खडा थोडा जास्त वाकडा व्हायचा. थर्मन जाऊन आता सहा वर्षं झाली.

दोन हजार एकवीस साली बाई शहात्तर वर्षांच्या झाल्या आणि त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. आमची घरं अरुंद आणि उंच. झोपायचं वर, स्वयंपाक खाली, कपडे धुवायचं यंत्र तळघरात. दिवसातून दहा वेळा जिना. बाई शनिवारी पायऱ्या घासायला बसल्या की उठताना कठडा धरून दोन मिनिटं तशाच उभ्या राहायच्या. दारापुढच्या त्या तीन संगमरवरी पायऱ्या आमच्याकडे घरटी असतात आणि त्या कशा ठेवल्यात त्यावरून बाईची पारख होते. लुवेनियाबाईंच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला पोस्टमनसुद्धा बिचकायचा.

सहा गल्ल्या पलीकडे त्यांच्या चर्चने म्हाताऱ्या माणसांसाठी इमारत बांधली होती. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीखाली फुलझाडांना हातभर माती. भरायचे साठ हजार डॉलर, एकदाच, मग मरेपर्यंत राहा. पाळकबाईंनी ती जागा लुवेनियाबाईंसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेपर्यंत धरून ठेवली होती. त्यानंतर यादीतल्या पुढच्या माणसाला.

मुलगी रेनेल अटलांटात राहते, चांगली कमावते. ती फोनवर म्हणाली, "मम्मा, पैशांचं मी बघते. नाहीतर सरळ इकडे ये."

"तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून येईन," बाई म्हणाल्या. "सामान म्हणून नाही यायची."

म्हणजे घर विकायचं, ते साठ हजारांच्या वर विकायचं आणि महिन्याभरात विकायचं. दलालामार्फत विकलं तर गिऱ्हाईक बँकेचं कर्ज काढणार, बँकेचा माणूस येऊन छत बदला, वायरी बदला म्हणणार, आणि त्यातच नाताळ उजाडणार. उरले ते रोकडा मोजून, घर आहे तसं घेणारे. त्यांना शोधायला कुठे जावं लागत नाही. खांबाखांबावर त्यांच्या पाट्या, दाराखालून रोज एक कार्ड, आणि जेवायला बसलं की फोन. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं घर अशाच एकाने एकोणीस हजारांत पदरात पाडून घेतलं होतं. तेव्हापासून आमची गल्ली या लोकांच्या फोनवर यथेच्छ तोंडसुख घेते.

बाईंनी एकाला बोलावलं. ट्रेंट हॉलब्रुक नाव. तिशीचा, हसरा, नवेकोरे बूट, हातातला फोन हाताला चिकटलेला. बाईंच्या डावीकडची दोन घरं त्याने उन्हाळ्यात घेतली होती आणि आतून पार पोखरून ठेवली होती. साक्षीला मी बसलो होतो. बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेला मासा आणि पाव मागवला होता. त्याने माशाला हात लावला नाही. तिथेच तो माझ्या मनातून उतरला.

"मॅडम, तुम्ही कशाचीच काळजी करायची नाही," तो म्हणाला. "घर जसं आहे तसं घेतो मी. एक खिळासुद्धा ठोकू नका. नको ते सामान इथेच टाकून जा. अहो, झाडूसुद्धा मारू नका!"

बाईंचा चेहरा असा झाला की मी पावाचा तुकडा खाली ठेवला.

"झाडू मारू नका?"

"अजिबात नाही!" त्याला वाटलं, बाई खूश झाल्या.

"बाळा, मला तीन दिवस दे," बाई म्हणाल्या. "मग ये. तू काय घेतोयस ते मी तुला दाखवते. तोपर्यंत आकडा बोलू नकोस."

तो गेल्यावर बाईंनी शिवणाच्या डब्यातून खडू काढला. मला म्हणाल्या, "बी, तुझी शिडी आण." माझं आडनाव बर्वे. गल्लीने पहिल्याच आठवड्यात त्याचं बी करून टाकलं होतं.

तीन दिवस आम्ही ते घर तपासलं. म्हणजे बाईंनी तपासलं, मी शिडी धरली आणि शिव्या खाल्ल्या. बाई खिडक्या उघडून, मिटून बघत. नळ सोडून कान लावत. फरशीवर अनवाणी चालत आणि जिथे पायाला दबलेलं लागेल तिथे थांबत. मग खूण आणि खुणेशेजारी आकडा. छताच्या मागच्या कोपऱ्यातली गळती, चार नंबर, फुली. जिन्याची सातवी पायरी, अकरा नंबर, गोल. तळघरातली ओल, सतरा, फुली. पुढच्या खोलीतल्या काचेत केसाएवढी चीर, जी मला चष्मा पुसूनही दिसली नाही, तेवीस, रेघ. प्रत्येक खूण वहीत टिपली. सगळ्या मिळून सत्तेचाळीस झाल्या.

"मिस लुवेनिया," मी म्हणालो, "लोक घर विकताना दोष झाकतात. तुम्ही त्यांची वरात काढताय."

"झाकलेला दोष गिऱ्हाइकाला सापडला की तो किंमत ठरवतो," बाई म्हणाल्या. "मी दाखवला की मी ठरवते. एकतीस वर्षं काय माशा मारल्या मी?"

वरच्या मागच्या खोलीत एक थोरलं कपाट होतं, अक्रोडाचं, छताला टेकलेलं. मी म्हणालो, "हे सरकवून मागची भिंत बघायची ना?"

"राहू दे. जड आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत निघूनही गेल्या.

मी मान डोलावली. त्या भिंतीबद्दल गल्लीत कुणाला माहीत नाही? रेनेल तीन वर्षांची झाली तेव्हा तिला वेगळी खोली हवी म्हणून थर्मनने मोठ्या खोलीच्या मधोमध स्वतः लाकडी सांगाड्याची भिंत घातली. ट्रक भरणारा माणूस. सहा रविवार लागले, आणि भिंत मध्येच चार बोटं फुगली. तिच्यावर कॅलेंडर लावलं तर त्याचं खालचं टोक हवेत लोंबायचं. गल्लीने थर्मनला त्यावरून आयुष्यभर पिडलं. "काय थर्मन, भिंतीला कितवा महिना?" हा तर दर उन्हाळ्याचा ठरलेला प्रश्न. थर्मन हसायचा. बाई हसायच्या नाहीत. "भिंत सरळ आहे, तुमचे डोळे तिरळे आहेत," म्हणायच्या आणि खेकड्यांचं पातेलं उचलून आत न्यायच्या. भिंत बांधून झाली त्या रविवारी थर्मनने बाईंना विचारलं होतं म्हणे, "पास का, इन्स्पेक्टर?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "पास." पुढे कधीतरी तिच्यापुढे ते कपाट आलं.

चौथ्या दिवशी ट्रेंट आला. बाईंनी त्याला छतापासून तळघरापर्यंत फिरवलं, प्रत्येक खूण दाखवली आणि वहीच्या प्रत्येक पानाखाली त्याची सही घेतली. तो आधी हसत होता. तिसऱ्या पानापर्यंत हसू मावळलं. बावन्न हजारांवरून बोलायला सुरुवात केली, पण ज्या दोषावर बोट ठेवून तो किंमत पाडणार, त्याच्या दुरुस्तीचा खर्च बाईंनी आधीच चौकशी करून वहीत लिहिलेला. शेवटी बासष्ट हजारांवर सौदा झाला, आणि चर्चची जागा घ्यायचीय म्हणून पैसे ऑक्टोबर संपायच्या आत हवेत हे बाईंनी त्याला बजावलं. करारात एक कलम होतं, की घर पुन्हा तपासून घ्यायचा आणि भाव बदलायचा हक्क घेणाऱ्याला. बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली.

"तपासून झालंय," त्या म्हणाल्या. "या गावात माझ्याहून चांगला तपासनीस तुला मिळायचा नाही."

त्याने तिथेही सही केली. त्या दिवशी मला बाईंचा असा अभिमान वाटला की घरी येऊन मी विनाकारण माझ्या दारच्या पायऱ्या घासल्या.

पैसे मिळायला पाच दिवस उरले असताना ट्रेंट परत आला. न कळवता. बरोबर हातात विजेरी घेतलेला एक वयस्क माणूस होता, पर्डी नावाचा, ट्रेंटची घरं दुरुस्त करणारा. दिवाणखान्यात खोकी रचलेली, पडदे उतरवलेले. ट्रेंटने एकदा सगळीकडे नजर फिरवली. बाई आता मागे फिरू शकत नाहीत हे त्याने ताडलं, आणि ते त्याने ताडलं हे मी ताडलं.

"थोडी मापं घ्यायचीत," म्हणत तो वर गेला. आम्ही मागोमाग. बाई कठडा धरून, एकेक पायरी.

वर जाऊन त्याने सुरुवात केली. "मॅडम, भागीदारांशी बोललो. एकोणपन्नासच्या वर जमत नाही. छताचं काम मोठं आहे."

"चार नंबर," बाई म्हणाल्या. "पहिलं पान, तुझी सही."

"तळघरात ओल आहे."

"सतरा. दुसरं पान."

"वायरी जुन्या आहेत."

"एकोणतीस. तेव्हा तू म्हणालास, एवढं तर सगळीकडेच असतं."

मला आतून उकळ्या फुटत होत्या. पर्डीने तोंड फिरवून खोकला काढला. ट्रेंटचे कान लाल झाले. तो तरातरा मागच्या खोलीत शिरला आणि थांबला.

कपाट नव्हतं. रेनेलने माणसं पाठवून ते आदल्या दिवशीच अटलांटाला नेलं होतं. भिंत उघडी पडली होती, मध्येच पोट काढून, जशी होती तशी. तिच्यावर ना फुली, ना गोल, ना रेघ.

"आणि ही?" ट्रेंट म्हणाला. "ही कितवा नंबर?"

बाईंचा हात एप्रनच्या खिशात गेला.

"कपाटामागे लपवली होती," ट्रेंट म्हणाला. त्याचं हसू परत आलं होतं. "सगळं दाखवते म्हणालात ना? मोठ्या तपासनीस ना तुम्ही? एकोणपन्नास, मॅडम. नाहीतर मी चाललो. इसाऱ्याचे माझे हजार डॉलर बुडतील, बुडू देत. तुमची ती जागा जाईल."

मी मध्ये पडलो. करारातलं कलम खोडलंय, भिंत कशी का असेना, एक डॉलरही कमी करायचं कारण नाही, असं काहीबाही ओरडलो. ते खरंही होतं.

"बी, गप्प बस," बाई म्हणाल्या. मग त्या ट्रेंटकडे वळल्या. "माझ्याकडून सुटली म्हणाले तर खोटं होईल. मी सोडली. मुद्दाम. ही वहीत असायला हवी होती." त्यांनी एप्रनच्या खिशातून खडू काढला, भिंतीपाशी गेल्या आणि जिथे पोट सर्वांत पुढे आलं होतं तिथे गोल काढला. गोल नीट आला. शेजारी आकडा घातला, अठ्ठेचाळीस.

"मिस्टर पर्डी," त्या म्हणाल्या, "तुम्ही याचा पगार घेता. तरी मी तुम्हालाच विचारते. ही भिंत पाडून नवी घालायला किती?"

पर्डीने ट्रेंटकडे पाहिलं. ट्रेंटने भुवया उडवल्या. पर्डीने भिंतीकडे पाहिलं.

"दोन हजार," तो म्हणाला. "त्याच्यावर एक सेंट नाही."

"पर्डी!"

"तुम्ही नाही विचारलंत, त्यांनी विचारलं," पर्डी म्हणाला.

"मग बासष्टातून दोन गेले," बाई म्हणाल्या. "साठ. चूक माझी, तिचा भुर्दंड मी भरला. बाकीच्या सत्तेचाळिसांवर तुझी सही आहे. आता तुला जायचं असेल तर जा, बाळा. पण डावीकडची दोन घरं घेऊन बसलायस, तिसरं मिळालं नाही तर ती दोन्ही कुणाला विकतोस ते मला बघायचंय. तुझे कामगार दिवसभर भिंतीपलीकडे बोलतात. तिन्ही घरं जोडून एक करायचा तुझा नकाशा आहे आणि त्यात मोठं दार या घरात येतं, होय ना?"

ट्रेंटने पर्डीकडे असं पाहिलं, जणू सगळ्या भिंती त्यानेच पातळ केल्या होत्या. मग त्याने फोन काढला, खिशात ठेवला, परत काढला. बाई ताठ उभ्या. गुडघे दुखत असणार, पण कशाला टेकल्या नाहीत.

"साठ," तो म्हणाला. "खाली गाडीत कागद आहेत. घेऊन येतो."

त्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. पैसे ठरल्या दिवशी मिळाले आणि बाई वेळेत आपल्या जागेत गेल्या. ट्रकला पैसे उरले नव्हते, तर गल्लीने खोकी हातगाडीवरून आणि डोक्यावरून सहा गल्ल्या ओलांडून नेली आणि वाटेत एक दिवा फोडून बाईंची बोलणी खाल्ली. पण मला सांगायचंय ते ट्रेंट कागद आणायला खाली गेला तेव्हाचं.

खोलीत आम्ही तिघेच होतो. बाई खिडकीशी, पाठ आमच्याकडे. साठ हजार हातात होते, तरी खांदे पडलेले. मला कळत होतं. एकतीस वर्षांत एकही खराब नग त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता, आणि आज एका पोरसवद्या माणसाने घरात उभं राहून त्यांची चूक पकडली होती. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी स्वतःच्या हाताने थर्मनच्या भिंतीवर खूण केली होती.

पर्डी गेला नव्हता. तो बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग खाली वाकून, मग हात उंच करून. मध्येच थांबून मनाशी आकडे मोजत होता. शेवटी त्याने तळवा भिंतीवर सपाट ठेवला आणि अंगातला सगळा जोर लावून ढकललं. तो माणूस माझ्या दुप्पट. भिंत हलली नाही.

"कुणी बांधली ही?" त्याने विचारलं.

"का?" बाई वळल्या नाहीत.

"बांधकामातला नव्हता. खालची पट्टीच तिरकी बसवलीय, म्हणून पोट आलंय. पण आत उभे दांडे बघा ना! मी सोळा इंचांवर एक ठोकतो. सगळेच तसं ठोकतात. यानं दर आठ इंचांना एक ठोकलाय." त्याने परत वाजवून दाखवलं. "दुप्पट लाकूड. नवी भिंत हजारात होते, मॅडम. वरचे हजार मी ही पाडण्याचे सांगितले. हिला पाडायला दोन माणसांना दोन दिवस लागतील. इथे पलीकडे कोण झोपायचं?"

"माझी मुलगी," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांची होती."

"मग बरोबर आहे," पर्डी म्हणाला. "वाकडी आहे. पण हे अख्खं घर खाली आलं असतं ना, तरी ही उभी राहिली असती."

बाई वळल्या. डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. हनुवटी मात्र वर गेली, कोट पास झाला की जायची असणार तशी.

"बी," त्या म्हणाल्या, "ऐकलंस?"

"ऐकलं, मिस लुवेनिया."

"मग इथे उभा राहून काय करतोयस? जा, गल्लीत सांग सगळ्यांना."